टाकीखालची खोली

सोलापुरातल्या आमच्या घरमालकाने आम्हा दोघांना फसवलं, मला आणि माझ्या खोलीतल्या जोडीदाराला. मीच त्याला लुबाडलं असं मालक आजही चार लोकांत सांगत फिरतो, म्हणून हे लिहायला बसलो.

मी वैरागचा. आई आठवडी बाजारात लिंबं आणि कोथिंबीर घेऊन बसायची. तिच्याशेजारी पोत्यावर बसून मी भाव करायला शिकलो. उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला किती लांब जाऊ द्यायचं आणि कधी हाक मारायची, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. बी.कॉम.ला सोलापूरला आलो तेव्हा जवळ हीच काय ती विद्या होती. मेस परवडेना, मग घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आठवडा काढायचो. पुस्तकं सीनियर पोरांकडून त्यांची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी उचलायची, कारण त्या दिवशी त्यांना ती डोळ्यांसमोर नको असतात. कॉलेजला चालत जायचं. इंटरनेट जोडीदाराच्या मोबाईलवर.

जोडीदार मंद्रूपचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. सकाळी मैदानावर पळून यायचा, भिजवलेले हरभरे खायचा आणि पाय भिंतीला लावून खाटेवर पडायचा. घरच्या सगळ्यांची भिस्त त्या पायांवर होती. साधी ठेच लागली तरी तो खाली बसून नीट बघून घ्यायचा.

खोली वरच्या मजल्यावर. खाली मालकाचे टॉवेलचे माग चालायचे, त्यांच्या खडखडाटाने पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरायचं. छताला एक भेग होती, केसाएवढी. पहिल्याच दिवशी ती दाखवून मी भाडं कमी करून घेतलं. मालक हसला. म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे खिसा शिवून यायला पाहिजे, व्यापारी!" तेव्हापासून तो मला व्यापारीच म्हणायचा.

पुराव्याशिवाय भाव पडत नाही. मी वैरागहून येतानाचं एसटीचं तिकीट खळ लावून भेगेवर आडवं चिकटवलं. भेग वाढली की तिकीट फाटणार, तिकीट फाटलं की मी खाली मालकाकडे जाणार.

पहिलं तिकीट दिवाळीपर्यंत टिकलं. दुसरं संक्रांतीपर्यंत. तिसरं महिनाभरही नाही.

"दुरुस्त करून घ्या की," मी दर वेळी म्हणायचो.

"करू की रे, उन्हाळ्यात करू. तोवर भाडं कमी दे."

वाद नाही, कुरकुर नाही. एका शब्दात हो म्हणणाऱ्या माणसाकडे आई बाजारात दुसऱ्यांदा निरखून बघायची. मलाही ते खटकलं होतं. पण खटकून जाणार कुठे? बाकीच्या खोल्यांचे दर आणि डिपॉझिट ऐकूनच आम्ही परत फिरायचो.

जोडीदाराला याची गंमत वाटायची. "असंच चालू ठिव. वर्साभरात मालकच आपल्याला भाडं देतोय बघ."

"तू आधी खाट हलव," मी म्हणालो. भेग बरोबर त्याच्या खाटेवर होती.

"कुटं हलवू? तिकडं तुजी पेटी, हिकडं दार. पंख्याचं वारं लागतंय ते बी हितंच."

उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायला लागलं. एके दिवशी मालकाने स्वतःच मला खाली बोलावलं, चहा पाजला आणि मी काही मागायच्या आत भाडं आणखी उतरवलं. "वरती जरा काम काढलंय," तो म्हणाला. "आवाज झाला तर ओरडायचं नाही, काय व्यापारी?"

दुसऱ्या दिवशी माणसं दोराने एक भलीमोठी काळी टाकी वर ओढत होती. एक टाकी गच्चीच्या कडेला होतीच. ही दुसरी त्यांनी नेमकी आमच्या खोलीवर ठेवली. मी जिना चढून वर गेलो.

"इथंच का? पलीकडे मोकळी जागा आहे की."

"पलीकडे खाली फॅमिली राहते," मालक शांतपणे म्हणाला. "त्यांचं भाडं पूर्ण आहे."

मी आई-बहिणीवरून बोललो. टाकी घेऊन आलेली माणसं हसायला लागली. टाकी तिथेच राहिली.

पाण्याच्या दिवशी ती भरताना डोक्यावर कुणीतरी जडपणे बसतंय असा आवाज यायचा. छताला तपकिरी डाग उतरला आणि पसरत गेला. चादरीवर गंजाचे पापुद्रे पडायला लागले. जोडीदार ते झटकायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. तिकीट आता फाटत नव्हतं, भिजून गळून पडायचं. एकदा ते त्याच्या हरभऱ्याच्या वाटीत पडलं. त्याने ते बोटाने काढलं, वर बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाला, "हे काय बरं न्हाय." त्याचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, जवळ आलं होतं. ते झालं की ही खोली सोडून शहराबाहेर कुंभारीत कुणाकडे तरी वळकटी टाकायची, असं आमचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी कॉलेजला गेलो. दुपारी परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच पाय अडखळले. माग बंद होते. भर दिवसा त्या गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जिन्यावरून पाणी वाहत होतं, सिमेंटच्या रंगाचं.

टाकी पडली नव्हती. तिच्याखालचा स्लॅबचा तुकडा सळईसकट खाटेवर आला होता. जोडीदार वाचला. त्याचा उजवा गुडघा वाचला नाही.

सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "ग्राउंड कवा हाय रं?" तारीख माझ्यापेक्षा त्यालाच पक्की माहीत होती.

पोलीस आले तेव्हा मालक हात जोडून म्हणाला, "पोरांना सगळं ठाऊक होतं, साहेब. हाच पोरगा भेगेवर तिकिटं लावायचा आणि दर वेळी माझ्याकडून भाडं पाडून घ्यायचा. विचारा त्याला."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "खरं का रे?"

तिकिटं खरी होती. मी हो म्हणालो आणि मालकाची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. कागदावर अपघात लिहिला गेला. जो पुरावा मी जमवला, तो त्याच्या कामी आला.

आज माझं मार्केटमध्ये स्वतःचं दुकान आहे. मालकाने ती इमारत पाडून नवी बांधली, तिच्यावर विद्यार्थ्यांना खोल्या मिळतील असा बोर्ड आहे. जोडीदार मंद्रूपला एका खताच्या दुकानात वजनकाट्याजवळ स्टुलावर बसतो, पाय लांब करून. मी त्याच्या घरी गेलो की त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "भाव मातूर झ्याक केलतास हां!" आणि तो हसतो. त्याची आई आत निघून जाते.

भाव मी केला तो भाड्याचा. त्या गुडघ्याचा सौदा मी केला नव्हता, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. टाकी आमच्याच डोक्यावर का, हे मालकाने गच्चीवर मला एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य तो हवालदारासमोर का बोलला नाही? तिथे नाही तर आता बोलावं. मंद्रूपला यावं, जोडीदाराच्या आईसमोर खाली बसावं आणि कुणाचं भाडं पूर्ण होतं ते तिला सांगावं.

येण्याजाण्याचं भाडं मी देतो. पूर्ण.