आंब्यावरून गेलेला लाकडी मासा

लाकडी मासा निवडताना आधी त्याची जीभ पाहावी, रंग नंतर. शहाणा माणूस बैल घेताना रंगावर जात नाही, जबडा उघडून दात बघतो. इथेही तेच. या माशाच्या तोंडाखाली पत्र्याची जी पट्टी बसवलेली असते तिला मी जीभ म्हणतो. होडी वल्हवत निघाली आणि मागे दोऱ्याला हा मासा ओढला जाऊ लागला, की पाणी त्या जिभेवर आदळतं आणि त्याला खाली दाबतं. जीभ आखूड असेल तर तो कमरेइतक्या पाण्यात पोहतो. लांब असेल तर दहा-बारा हात खाली उतरतो. खडस मासा, ज्याला साहेब महाशीर म्हणत, उन्हाळ्यात खाली थंडाव्याला बसतो. तिथे पोचेल तो लाकडी मासा कामाचा. बाकी सोनेरी-रुपेरी रंग हा गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी.

हे मला कोणी शिकवलं नाही. लोणावळ्याच्या स्टेशनावर साहेबांच्या पेट्या उचलून मी पोट भरत होतो. एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा काठच्या बाभळीच्या खुंटात एक विलायती लाकडी मासा अडकलेला सापडला. तो मी परत केला नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरून तसेच दहा केले. पोटात शिसं ओतलं, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून जीभ बसवली, डोळ्याच्या जागी गुंज चिकटवली. ओढ्यात ओढून पाहिले. नऊ उताणे झाले. दहावा म्हशीच्या कानासारखा डुलत निघाला. तिथून माझा धंदा सुरू झाला, आणि काही वर्षांत मी स्वतःची होडी पाण्यात घातली. ती माझ्या घामाची होती, कुणाच्या उपकाराची नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याच तळ्यावर दुसरी होडी माझ्या थोरल्या भावाची होती आणि ती कशाची होती याबद्दल माझं मत वेगळं होतं.

धरण कोणतं ते लिहीत नाही. लोणावळ्याच्या बाजूचं, एवढं पुरे. त्याच्या पाण्याखाली आमची भाताची खाचरं आहेत. खालच्या खाचराच्या कडेला, जमीन एकदम ओढ्यात उतरायची तिथे, वडिलांनी लावलेला रायवळ आंबा होता. फळाला शेपूचा वास यायचा. त्याच्या आडव्या फांदीला आम्ही दोघं भाऊ झोका बांधत असू. दोर घासून घासून फांदीला मनगट मावेल एवढी खाच पडली होती. वडील जाताना म्हणाले होते, आंबा दोघांचा, अर्धा अर्धा.

पाणी चढायचं ठरलं तेव्हा मी मुंबईला गोदीत होतो. भावाने निरोप धाडला, झाडाचं काय करायचं ते येऊन सांग. मी उलट निरोप धाडला, मी आल्याशिवाय आंब्याला हात लावायचा नाही. एवढं मोठं लाकूड तो एकट्याने विकेल अशी मला शंका होती. मला यायला उशीर झाला. आलो तेव्हा सगळं पाण्याखाली होतं आणि भाऊ घरामागे आंब्याच्या फळ्यांची होडी बांधत होता.

मी विचारलं, "झाड कुटं हाय?"

तो म्हणाला, "पान्यात हाय. ह्यो आंबा भाजे गावच्या एका मानसाकडनं घेतलाय."

मी त्याला चावडीसमोर चारचौघांत खोटारडा म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. त्यानंतर वीसेक वर्षं भांडण सोडलं तर आम्ही एकमेकांशी कामापुरतंही बोललो नाही. रोज सकाळी त्याची होडी माझ्या होडीशेजारी बांधलेली दिसे आणि मला त्यात माझ्या अर्ध्या फळ्या दिसत. एक गोष्ट मी लक्षात ठेवली होती. आंब्याच्या जागेवरून तो कधीही होडी नेत नसे. लांबून वळसा घालून जाई. मी मनाशी म्हणे, पाप टोचतंय.

धक्क्यावर आमची भांडणं व्हायची. खरं सांगायचं तर मीच करायचो. गिऱ्हाईक त्याच्या होडीकडे वळलं की माझं डोकं फिरे. शेवटी तळ्याची देखरेख करणारा साहेब कंटाळला. जर्मनची दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या एका चैत्रात त्याने आम्हा दोघांना बंगल्याच्या पायरीशी उभं केलं.

"बहुत हुआ. अगले साल से एकही नाव रहेगी," तो म्हणाला. "एक सुबह तुम, एक सुबह तुम. मैं खुद बैठूंगा. जिसका काम अच्छा, उसकी नाव."

ज्याला साहेबाची चिठ्ठी मिळेल त्याची होडी पाण्यात राहणार होती, दुसऱ्याची काठावर वाळत पडणार होती. मी चाळिशीला आलो होतो. स्टेशनावर परत पेट्या उचलायची माझी तयारी नव्हती.

पहिली सकाळ भावाची होती. मी काठावरून बघत बसलो. त्याने आखूड जिभेचा रुपेरी मासा लावला आणि काठाकाठाने सावकाश नेला. आंब्यापाशी आला तसा वळसा घातला. उन्हं वर यायच्या आत साहेबाने सात-आठ शेरांचा खडस काढला. मासा बरा होता, पण साहेबाने टोपी काढून घाम पुसला आणि खोल पाण्याकडे बघत बसला. मी ते पाहिलं. साहेबाला मोठा हवा होता, आणि मोठा कुठे बसतो ते मला ठाऊक होतं. जिथे खाचर संपून ओढ्याची खोली लागते त्या कडेला. म्हणजे आंब्याच्या जागेला. तिथे वीस वर्षांत कोणी गळ ओढला नव्हता, रागापायी मीही नाही. खाली फार तर बुंधा असेल, गुडघाभर. झाड तर भावाने तोडलेलं. मैदान साफ.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी होडी सोडत होतो तेव्हा भाऊ धक्क्यावर आला. वीस वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

"लांब जिभेचा लावनार?"

"तुला काय करायचंय?"

"आंब्यावरनं नगं न्हेऊस. झाड हाय खाली."

"झाड!" मी हसलो. "झाडात तर तू बसतोस रोज. ऱ्हा काठावर, बघ मासा कसा काढत्यात ते."

त्याने खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि निघून गेला. मला वाटलं, घाबरला.

साहेब होडीत बसला आणि त्याने डबा उघडला. डब्यात आठ-दहा लाकडी मासे होते. त्याचा हात सरळ रुपेरीकडे गेला. त्याची जीभ नखाएवढी.

"हा नको सायेब," मी म्हणालो. "ये ऊपर रहेगा. बडा मच्छी नीचे."

"कल यही रुपेरी भाई ने लगाया. मच्छी मिला."

"छोटा मिला." मी डब्यातून लांब जिभेचा हिरवट मासा उचलला. विलायती होता, एकच होता, जीभ बोटभर लांब. "ये लगाव. मेरा जबान."

"ये एकही है मेरे पास. नीचे पत्थर, झाड, कुछ है?"

"नीचे मेरा खेत है सायेब. मैं उधर नांगर चलाया. सब साफ."

साहेबाने माझ्याकडे बघितलं आणि तो मासा दोऱ्याला बांधला.

पाणी नितळ होतं, वारा नव्हता. मी जागा धरत गेलो. बंगल्याचं कौलारू छप्पर डोंगरातल्या खिंडीखाली आलं की वरचं खाचर. छप्पर खिंडीच्या डाव्या अंगाला सरकलं की विहीर. काठावरचा वड आणि मागचा कडा एका रेषेत आले की आंबा. साहेबाने पन्नास हात दोरा सोडला. मी वल्ह्याचा ताल बदलला नाही. ताल बदलला की मासा वरखाली होतो. काठीचं टोक बारीक थरथरत होतं, म्हणजे मासा खाली नीट डुलत होता. विहीर गेली. वड आणि कडा जवळ जवळ यायला लागले. काठावर पांढरं काहीतरी उभं होतं. तो माझा भाऊ होता.

काठी एकदम वाकली.

साहेब ओरडला. रीळ किंचाळत सुटलं. दोरा पाणी कापत ओढ्याच्या खोलीकडे गेला आणि मग एकदा, फक्त एकदा, वीसेक हातांवर पाणी फुटलं आणि तांबूस शेपटी दिसली. सुपाएवढी होती. मी खोटं सांगत नाही. वीस शेरांच्या वरचा मासा होता.

"नाव पीछे! पीछे!" साहेब म्हणाला. मी वल्ही उलटी मारली. चिठ्ठी माझ्या मुठीत होती असंच मला वाटलं.

मासा पलटला, होडीच्या दिशेने आला, आमच्या खाली गेला. दोरा ताठ झाला आणि थांबला. ओढ नाही, हिसका नाही. जनावर दाव्याला बांधावं तसा दोरा पाण्यात सरळ उभा राहिला.

साहेबाने दोरा ढिला सोडून पाहिला, परत ताणला. काही नाही.

"क्या है नीचे?"

"बुंधा आसंल," मी म्हणालो. "थांबा, मैं निकालता."

मी बंडी काढली आणि दोरा धरून उतरलो. चार हातांवर पाणी कोमट होतं, सहा हातांवर थंड. बुंध्यापर्यंत जायला माझा दम पुरला नसता, हे उडी मारल्यावर लक्षात आलं. पण बुंध्यापर्यंत जावंच लागलं नाही. दहा हातांवर दोरा एका फांदीला लागला. मांडीएवढी जाड, आडवी, शेवाळाने बुळबुळीत. वरचा शेंडा कुजून गेला होता, पण फांदी जागच्या जागी होती. मी हात सरकवत गळ शोधू लागलो आणि माझं मनगट एका खाचेत बसलं.

मी वर आलो तेव्हा हातात काही नव्हतं.

"क्या है?" साहेबाने विचारलं.

"झाड है," मी म्हणालो.

साहेबाने खिशातून चाकू काढून दोरा कापला. मासा केव्हाच सुटून गेला होता, विलायती लाकडी मासा फांदीत राहिला. परतताना साहेब शिव्या देईल अशी मी वाट पाहत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. तो एवढंच म्हणाला, "तुम्हारा भाई कल इधर से घूमके गया. उसको मालूम था." त्या संध्याकाळी चिठ्ठी भावाच्या नावाने लिहिली गेली हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

दुपारी मी भावाच्या घरामागे गेलो. होडी उताणी घालून तो सांध्यांना डांबर लावत होता. मी उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही.

"आंबा हाय," मी म्हणालो.

"हाय."

"तोडला न्हाईस तू."

"कसा तोडनार? तूच सांगून धाडलं व्हतंस, हात लावायचा न्हाई म्हनून. दोन मानसं आन कुऱ्हाडी घिऊन बसलो व्हतो तीन दिस. तू आला न्हाईस. पानी थांबतंय व्हय कुनासाठी?"

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"बोललो की. चावडीम्होरं बोललो. तू माजी बंडी फाडलीस."

"एकदाच बोललास."

"बंडी बी एकच व्हती," तो म्हणाला आणि डांबराचा बोळा फिरवत राहिला.

मला राग आला. खरं सांगतो, त्या वेळीसुद्धा राग आला. वीस वर्षं हा माणूस वळसा घालून जात होता आणि मी त्याचा हिशेब भलताच मांडत होतो. हे त्याला दिसत नव्हतं का? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं? हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर सकाळी धक्क्यावर मी काय उत्तर दिलं ते त्याने मला आठवून दिलं असतं.

वहिनीने दारातून पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यालो. जायला वळलो तेव्हा भाऊ म्हणाला, "लाकडी मासं करून देशील का? माज्या हातचं उतानं हुत्यात."

"फुकट न्हाई."

"फुकट कुनी मागितलं? जीभ अशी कर, की आंब्यावरनं न्हेता येतील. मोटा मासा तितंच हाय. आज दिसला मला काठावरनं."

"फांदी दहा हातांवर हाय," मी म्हणालो. "वरचं सगळं गेलंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू हात लावलास?"

"खाच लागली हाताला."

तो बोळा डांबरात बुडवायला वाकला. मग पुन्हा सांध्याला लागला.

माझी होडी मी त्या पावसाळ्याआधी तिकोणा पेठेच्या एका माणसाला दिली, नदीवर उतारू नेण्यासाठी. घासाघीस त्याने केली, तशी मीही केली. मग बसून लाकडी मासा कोरला. आठ हातांच्या खाली जाता कामा नये आणि सहाच्या वर राहता कामा नये. जीभ चार वेळा कापली. तीन मासे ओढ्यात ओढून फेकून दिले. चौथा जमला.

भाऊ साहेबाला घेऊन निघाला तेव्हा मी काठावर होतो, तो त्या दिवशी जिथे उभा होता तिथेच. होडीत ये असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. वड आणि कडा एका रेषेत येऊ लागले. या वेळी त्याने वळसा घेतला नाही. होडी आंब्यावरून सरळ गेली. मागचा दोरा पाण्यातून सरकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. दोरा थांबला नाही.