जोडावरची उडी

आधीच सांगून ठेवतो. "भास झाला असेल" म्हणणारे आणि "घराची शांती करून घ्या" म्हणणारे, या दोन्ही पार्ट्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अहेरीकडच्या जंगलातल्या रोडवर पांढऱ्या साडीची बाई दिसते म्हणणारे ड्रायव्हर पुष्कळ भेटले, पण एकालाही ती मला दाखवता आली नाही. आधी तिकीट दाखवा, मग बोला — हा माझा स्वभाव. तरी हे लिहून राहिलो, कारण वर्षभरापासून डोक्यात राग बसला आहे आणि तो कोणावर काढावा ते समजत नाही.

जागा — आरमोरी, बाजाराच्या मागे आमचं घर, समोरची खोली. वेळ — मागच्या मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेतीन. खोलीत चार माणसं. मी, माझा धाकटा भाऊ दिलीप, माझे जावई आणि आमची आई. आई ऐंशीच्या पुढची आहे, पण तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

बाबा बँडमास्तर होते. ट्रंपेट वाजवायचे. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बँड आता दिलीप चालवतो. बाबांना नाद एकच, जुन्या ब्लॅक अँड व्हाईट पिक्चरमधली क्लबची गाणी. मागे पायऱ्यांवर पांढऱ्या कोटातले वीस-बावीस वाजवणारे, पुढे हिरॉईन नाचते... बाबा हिरॉईनकडे बघायचेच नाहीत. "तो पाह्य, तिसऱ्या नंबरचा. नुसता तोंडाले लावून बसला. बोटं हालते का त्याचे?" असं म्हणून पोट धरून हसायचे. आणि खरा वाजवणारा दिसला की एकदम गप्प, डोळ्यांत पाणी. त्या वाजवण्याला स्विंग म्हणतात हे मला जावयांकडून कळलं. बाबा त्याला झोक्याचं वाजवणं म्हणत. रविवारी दुपारी टीव्हीवर असा पिक्चर लागला की जेवणाचं ताट हातातच राहायचं, त्यांचं आणि माझंही.

यातलं एक गाणं बाबांनी बँडवर बसवलं होतं. वडसा ते चामोर्शी, आमच्या बँडची वरात निघाली आणि ते वाजलं नाही असं कधी झालं नाही. त्यात एक गंमत आहे. ट्रंपेट तीनदा वर चढतं, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यातच तुटून एकदम ड्रमवर उडी पडते. बाबांनी ते तरुणपणी मार्कंड्याच्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये, तंबूत बसून शिकलं. रोज तोच पिक्चर, सलग नऊ दिवस. तिथली रीळ त्याच जागी तुटलेली होती. ऑपरेटरनं कापून चिकटवली, मधला तुकडा गेला. बाबांनी जे ऐकलं ते वाजवलं. ते म्हणायचे, "इथी जोड हाय." आमच्याकडे त्या जोडावर नवरदेवाचा मामा उडी मारतो आणि सगळी वरात एकदम पाय आपटते. पन्नास-साठ वर्षं झाली, मामा लंगडा असला तरी उडी मारतो.

मग आले आमचे जावई. पुण्याचे. रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आहेत, माणूस चांगला आहे, नाही म्हणत नाही. दिलीपच्या मुलाचं लग्न आठ दिवसांवर होतं आणि अंगणात बँडची प्रॅक्टिस चालू होती. यांनी ऐकलं आणि दिलीपला म्हणाले, "काका, हे चुकीचं वाजतंय. इथे सॅक्सोफोनचं उत्तर आहे, आठ-नऊ सेकंदांचं. सगळ्यात सुंदर जागाच तुम्ही खाल्लीय." वर हसले. दोन दिवसांत त्यांनी सगळ्या वाद्यांच्या नोटेशनचे कागदही लिहून दिले.

माझं डोकं सणकलं. पण जावई माणूस, बोलता येते का? दिलीपला बाजूला घेतलं तर तो उलट मलाच समजावू लागला. "भाऊ, आता सगळे मोबाईलवर आइकते. बाबानं चुकीचं बसवलं त आपन काऊन तसंच वाजवाचं? लोक हासून राह्यले."

"कोन हासून राह्यला? नाव सांग," मी म्हटलं. तो जावयांचे कागद घेऊन अंगणात गेला.

हे सगळं आईच्या कानावर पडलं. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "त्याईनं चुकीचं नाई वाजवलं. नातवाच्या वरातीत ते नवं वाजलं त मी बाहेर येनार नाई. दिलीपले सांग." सांगितलं. दिलीप म्हणाला, "आई मानून जाईल." मला वाईट वाटलं ते याचं. ज्या माणसाच्या वाजवण्यावर हे घर उभं राहिलं, तो तीन वर्षांत चुकीचा ठरला, आणि तेही त्याच्या बायकोसमोर.

रविवारी जावयांनी ठरवलं की आजींना पुराव्यानिशी पटवून द्यायचं. मोठ्या टीव्हीवर इंटरनेटवरून तो पिक्चर लावला. स्वच्छ केलेली प्रिंट, एक रेघ नाही. गाणं लावलं. पूर्ण. सॅक्सोफोनचं उत्तरही आलं, आणि खोटं का बोला, सुंदर होतं. मला ते आवडलं याचाही राग आला. पुन्हा लावलं. पुन्हा पूर्ण. "बघितलंत आजी?" जावई म्हणाले.

आई म्हणाली, "आनखी एकदा लाव."

तिसऱ्यांदा लावताना जावयांनी मोबाईल टीव्हीसमोर धरला, बँडच्या पोरांना पाठवायला. ट्रंपेट चढलं. एकदा. दुसऱ्यांदा. आई हळूच म्हणाली, "आता जोड येते." आणि तिसऱ्यांदा ट्रंपेट अर्ध्यात तुटलं... टक् असा आवाज, पडद्यावर वरून खाली पांढरी रेघ, चित्र क्षणभर डावीकडे कललं, हिरॉईनचा वर असलेला हात एकदम खाली, आणि थेट ड्रम. आईचा पाय फरशीवर बरोबर त्या ठोक्यावर पडला. दिलीप "अरे" म्हणून उठून उभा राहिला.

हे चौघांनी बघितलं. चौघांनी.

जावई म्हणाले, "बफरिंग." मी म्हटलं, "जवाईबापू, बफरिंगमध्ये गाणं थांबते. रीळ चिकटवत नाई." त्यांनी चौथ्यांदा लावलं, पाचव्यांदा लावलं. पूर्ण. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बघितलं, तर त्यातही गाणं पूर्ण. सॅक्सोफोन निवांत वाजून राहिला, आणि त्याच्यावर आईच्या पायाचा आवाज आणि दिलीपचं "अरे". म्हणजे आम्ही दचकलो याचा पुरावा आहे, कशाला दचकलो त्याचा नाही.

त्या रात्री जावयांनी आपले कागद बॅगेत भरले. आज हेच जावई पुण्यात सांगतात की घरच्यांच्या मनावर परिणाम झाला होता. घरच्यांच्या म्हणे... चौथ्यांदा, पाचव्यांदा गाणं यांनीच लावून बघितलं, तो कोणाच्या मनाचा परिणाम? आणि दिलीप बँड ठरवायला येईल त्या पार्टीला सांगतो की बाबा येऊन गेले, जसं काही यानंच बोलावलं होतं.

पण माझा खरा राग बाबांवर आहे. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी आईजवळ बसून बोललोच. म्हटलं, "तीन वर्षं तू त्याईची वाट पाहून राह्यली. तुहं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा नाव घेत होती. तवा नाई आले. आन् आले त कशासाठी, ट्रंपेटच्या एका तुकड्यासाठी?"

आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "पह्यल्या दिवशी रीळ तुटली तवा मी तंबूतच होतो ना रे. मधात दोर बांधला होता, इकडं बाया, तिकडं मानसं. रीळ तुटली, दिवे लागले. सारे ऑपरेटरच्या नावानं वरडून राह्यले. हे एकटेच मागं वळून माह्याकडं पाहत होते."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून तिथी जोड आला. बाकीचे आठ दिवस रोज जोड आला का ते वळून पाह्यत. दिवे नसाचे, तरी मले समजे." सुपातला एक खडा तिनं बाजूला टाकला. "जवाईबापू म्हनते तुकडा गेला. गेला कुठी?"

साठ वर्षांत हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

वरातीत दिलीपनं जुनंच वाजवलं. आईची खुर्ची ओट्यावर टाकली होती. जोड आला, नवरदेवाच्या मामानं उडी मारली, सगळ्यांनी पाय आपटले, जावयांनीही. मी आईकडे बघत होतो. ती बँडकडे बघतच नव्हती. मान उजवीकडे वळवून, लोकांच्या पलीकडे बघून ती हसली, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी लगेच तिकडे बघितलं. एक उभी केलेली जीप आणि कडुलिंबाचं झाड, दुसरं काही नाही. जीपच्या मागे जाऊनही बघून आलो. कोणी नव्हतं.

ही काय भानगड आहे ते मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी सांगायला लागलं तर माझं डोकं फिरतं. प्रत्येक वरातीत जोड आला की मी तिकडेच बघतो. दर रविवारी ताट घेऊन बाबांच्या बाजूला मी बसायचो, त्या खोट्या वाजवणाऱ्यांवर त्यांच्यासोबत मीच हसायचो. मग एकदा माझ्याकडेही वळून बघायला काय झालं होतं, बाबा?