आयांची रांग

"तू ऊठ इथून. मागं जाऊन बस."

बाईंनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं. हातात हळदी-कुंकवाचं ताट, बाजूला वाण म्हणून वाटायच्या स्टीलच्या वाट्या. संक्रांतीनंतरची मातापालक सभा होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर आया ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात मी. बाई म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांची बायको. त्यांच्याच शेतात मी कापूस वेचायची.

"नवरा खाल्ला, लेक खाल्ली. अशा बाईले रांगेत बसवते का कोणी? अन् हे मायांची सभा हाय. आजीचं काय काम?"

शाळेच्या मॅडम वहीत बघत राहिल्या.

आम्ही बौद्ध. कुंकवासाठी मी गेलेच नव्हते. शाळेतून चिठ्ठी आली होती, 'प्रत्येक मुलीच्या आईने यावे'. माझ्या नातीनं, प्रांजूनं, ती मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "आजी, तूच ये." तिची आई, माझी लेक, काविळीनं गेली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि पोर माझ्या दारात आणून सोडली. मग आई कोण?

पण मी उठले. पदर सावरला, "हाव बाई" म्हटलं आणि भिंतीशी जाऊन बसले. चाळीस वर्षांची सवय. प्रांजू वर्गाच्या खिडकीतून बघत होती.

घरी जाताना तिनं विचारलं, "आजी, सगळ्याईले वाटी भेटली. तुले काऊन नाही?"

मी तिच्या थोबाडीत मारली.

खरं सांगते. मला या पोरीचा राग येतो. साठीत पुन्हा वेण्या, पुन्हा उवा, पुन्हा दुखणीखुपणी. लेकीसाठी रडायचं तर कापसात वाकून रडायचं, कारण घरी रडले की पोर भेदरते. लोक म्हणतात, दुधापेक्षा साय गोड. ज्याचं दूध सांडलं त्याला विचारा म्हणावं.

प्रांजू रडली नाही. मान खाली घातली, फ्रॉक सारखा केला आणि म्हणाली, "हाव आजी."

तोच आवाज. माझा. आठ वर्षांची पोर, आणि मुकाट मागं सरायला शिकली होती. हे तिला बाईंनी नव्हतं शिकवलं. मी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेचणीला गेले नाही. शाळेत गेले. मॅडमच्या समोर खुर्ची होती, तिच्यावर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं.

"पालक म्हून कोणाचं नाव हाय?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. माझ्या मेलेल्या लेकीचं होतं.

"माह्यं लिवा."

"आजी, त्याला कागदपत्रं लागतात."

"कोणते ते लिहून द्या. देईन आणून."

त्यांनी लिहून दिलं.

संध्याकाळी बाई स्वतः दारात आल्या. हातात स्टीलची वाटी.

"घे, पोरीसाठी आणली. अन् उद्या ये, कापूस गळून राह्यला."

"पोरीच्या मायले रांगेतून उठवलं तुमी. वाटी तुमच्याजवळच ठेवा."

"लय जीभ लांब झाली तुही."

"हाव," मी म्हटलं. मान वर ठेवून म्हटलं.

त्यांच्या शेतात आता पाय ठेवणार नाही. गावात काम नाही मिळालं तर धामणगाव बढ्यापर्यंत चालत जाईन. पुढच्या सभेला पहिल्या ओळीत बसणार आहे. ऊठ म्हटलं तर उठणार नाही.

आणि प्रांजूला सांगून ठेवलंय, पुन्हा कोणी हात उचलला तर तो धर. माझा असला तरी धर.