हवावाल्या सरांचा शनिवारचा तास

हवावाले सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी उंबऱ्यातच नाक वर करून हवा हुंगायचे. मग "दूध लागलंय" किंवा "चुलीत वल्ली पऱ्हाटी हाय" असं बेधडक सांगून टाकायचे. घरातल्या बायका हसायच्या, पण आधी पातेल्याकडे धावायच्या. सरांची नोकरीच तशी होती. पुण्यात हवेतला धूर, धूळ आणि नाना वायू मोजण्यात त्यांचा जन्म गेला.

निवृत्तीनंतर ते आपल्या गावी, चकलांब्याला परतले आणि उमापूरजवळच्या आमच्या शाळेत दर शनिवारी एक तास घेऊ लागले. विज्ञान मी शिकवायचो. हवामानबदल म्हटलं की फळ्यावर वितळता बर्फ आणि पांढरं अस्वल काढायचो. सर एकदा मागे उभे राहून म्हणाले, "अस्वल ऱ्हाऊ दे बे. लेकरांना भिववू नको. आपल्या बांधापासून सुरू कर."

बांधापासून सुरू केलं आणि भानगड झाली. आमच्याकडे ऊस तुटला की मागे उरलेलं पाचट पेटवून देतात. त्या दिवसांत सरांनी धुराची काजळी धरायला मुलांकडून ओले पांढरे रुमाल जागोजागी टांगून घेतले आणि नंतर ते वर्गात मांडले. बघायला शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आले. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. माणूस मोठा बागाईतदार. सगळ्यांत काळ्या रुमालावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो कुठला?"

"तुमच्या उसाच्या बांधावरचा," सातवीतली पोरगी म्हणाली.

भाऊंनी मनात आणलं असतं तर सरांचा तास त्याच दिवशी बंद झाला असता.

सरांनी शांतपणे पिशवीतून तितकाच काळा दुसरा रुमाल काढला. "भाऊ, ह्यो माझ्या शेतातला. जन्मभर धूर मोजला, अन् शेत कसणाऱ्या बटईदारालाच सांगायचं इसरलो. त्यानं लावली काडी."

भाऊ खो खो हसले. "मंग पुढच्या साली आधी तुमी बंद करा, सर. मंग आमी."

पुढच्या साली सर पायजमा खोचून स्वतः सरीत पाचट दाबायला उभे राहिले. भाऊ दोनदा मोटारसायकलवरून येऊन बघून गेले. त्यांच्या शेतात धूर निघाला नाही. दिलेला शब्द फिरवणाऱ्यातले ते नव्हतेच.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक सरांना पुण्याला घेऊन गेली. एसटी स्टँडवर भाऊही आले होते. म्हणाले, "तुमी चाललात. आता तास कोण घेणार?"

"ह्यो घेतो की," सरांनी माझा खांदा धरला. "लई चांगलं शिकवतो."

एवढ्या वर्षांत त्यांनी हे मला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा मला रडू आवरेना, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता.

शनिवारी मी वर्गात पाऊल टाकलं. मुलं उभी राहिली. शेवटच्या बाकापाशी, पोरांसोबत, भाऊही उभे राहिले.