गोवंडीमार्गे परदेशी

बोरिवलीहून गोवंडीला गेल्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. मी लिहितोय, कारण माझ्या शेजारच्या सीटवर देशाचा नवा राजदूत बसला होता आणि त्याला गोवंडीला जायचं नव्हतं.

नाना माझा शाळेपासूनचा मित्र. आधी नगरसेवक, मग आमदार. सगळ्या कारकिर्दीत त्याचा आवडता शब्द एकच, 'नको'. स्टेशनजवळ बियर बार नको, शाळेच्या गॅदरिंगला मुलामुलींचा एकत्र नाच नको, जातीबाहेर लग्न तर नकोच नको. या शेवटच्या मुद्द्यावर तो विधानसभेत तासभर बोलला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची एकुलती एक शुभा गोवंडीच्या मिलिंदशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. मिलिंद बौद्ध, टेलिफोन खात्यात नोकरीला. नानाने मुलीचं नाव टाकलं. पुढे निवडणुकीत पडल्यावर तो पक्षातल्या लोकांनाही 'नको' म्हणू लागला, तेव्हा वरच्यांनी त्याला युरोपातल्या एका थंड देशात राजदूत नेमलं. सुंठीवाचून खोकला गेला.

विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. सकाळी वहिनींनी नानासमोर चहा ठेवला आणि सांगितलं, "मी शुभाला भेटत असते, तुम्हाला ठाऊक आहे. आज तुम्ही जा. नाही गेलात तर परदेशी एकटे जा आणि पोळ्या स्वतः लाटा."

नाना माझ्या गाडीत येऊन बसला.

गोरेगावहून आम्ही आरे कॉलनीत शिरलो. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मधूनमधून म्हशींचे तबेले आणि शेणाचा उबदार वास. एका चढावर गाडीने वाफ सोडली. नानाचा चेहरा खुलला.

"वसंता, देवाची इच्छा दिसत नाही रे. परत फिरू या."

"देवाचं काही नाही, रेडिएटर तापलाय. बस गप."

तबेल्यातल्या एका गृहस्थाने पाण्याची बादली दिली. नानाने त्याला विचारलं, "मला ओळखलंत?"

"नाही."

"मी आमदार होतो."

"असाल," तो म्हणाला. "बादली तेवढी परत द्या."

घाटकोपरला नानाला आठवलं की मुलीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. आम्ही साडीच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, कोणता रंग? नानाला सांगता येईना. "तुला माहीत आहे का रे?" त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, बाप तू आहेस की मी? तो तडक बाहेर पडला आणि समोरून किलोभर पेढे घेतले.

गोवंडीत देवनारच्या कचऱ्याचा धूर अंगावर आला. नानाने नाकाला रुमाल लावला, मग आपणच तो खिशात घातला. मिलिंदची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. दार शुभाने उघडलं.

"बाबा," ती म्हणाली. मिलिंद धावत खुर्ची घेऊन आला.

मिलिंदची आई मराठवाड्यातली, तोंडाने फटकळ. "बसा की पाव्हणं, उभ्यानं काय? जेवायचीच येळ हाय." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ताटं वाढली. भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेलं धान्य नि मसाले दळून केलेली आमटी).

नानाने हात जोडले. "राग मानू नका. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाणीही घेत नाही. आमच्यात रीत आहे."

रीत खरीच आहे. पण बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "अशा लई रीती ऐकल्यात आम्ही," त्या म्हणाल्या आणि तांब्या उचलायला वाकल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शुभाने त्यांचा हात धरला. "थांबा, आई." मग ती नानाकडे वळली. "बाबा, ही रीत कन्यादान केलेल्या बापासाठी आहे. तुम्ही केलंत माझं कन्यादान?"

"नाही."

"मग कुणाच्या घरची रीत पाळताय?"

शास्त्रार्थात नाना आजवर हरला नव्हता. त्याने छताकडे पाहिलं, पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं, शेवटी मुलीकडे पाहिलं. मग तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायला. शुभा तोंडाला पदर लावून मोरीकडे गेली. मिलिंद उगाचच पंखा वाढवत राहिला.

नाना ताटावर बसला. पहिली भाकरी संपल्यावर तो म्हणाला, "विहीणबाई, ठेचा आहे का अजून?"

आता, विहीणबाई म्हणायचं तर लग्न मान्य करावं लागतं, आणि लग्न मान्य केलं तर रीत पुन्हा लागू होते. हे मला कळलं, शुभालाही कळलं असणार. पण विहीणबाई ठेचा वाढत होत्या, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

परतताना पवईला नानाने काच खाली केली. मग म्हणाला, "शुभा वाळलीय का रे?"

"नाही."

"मला वाळलेली वाटली." आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, मोठ्याने. मी गाडी हळू चालवली.

नाना परदेशातून बऱ्याच वर्षांनी परतला. तिथे त्याने चांगलं काम केलं म्हणतात. कसलेसे करार झाले, फोटो छापून आले. मला त्यातलं काही समजत नाही, मी पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. पण आमच्या बोरिवलीहून सगळ्यात लांबचं गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी गोवंडी सांगतो. नाना तिथे गेला आणि जेवून आला.