उघड्या दारातला व्हीपीएन

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. आयुष्यभर मी लिफ्टचे आराखडे तपासले. दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवर लाल पेन्सिलीने खुणा करण्यापलीकडे कागदाशी माझा संबंध आला नाही. नोकरीची थोडीच वर्षे उरलेली असताना अचानक लिहायला बसावे आणि वर वाचकाचा वेळही मागावा, हे धार्ष्ट्य आहे. त्याबद्दल क्षमा करावी. ती करवत नसेल तर पान उलटावे, मला वाईट वाटणार नाही. वाटले तरी मी ते कुणाला सांगणार नाही.

आमची चाळ लालबागला, खोली तिसऱ्या मजल्यावर. चाळीला लिफ्ट नाही. माझ्या व्यवसायाकडे पाहता ही गोष्ट शेजाऱ्यांना फार पूर्वीपासून विनोदी वाटत आली आहे. गेल्या वर्षी आई मोरीत घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. वॉकर धरून रोज गॅलरीत चालवायचे आणि एकटे सोडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. मी अविवाहित, त्यात एकुलता एक. रजा संपलेली. दिवसभरासाठी बाई ठेवावी, तर आई अनोळखी माणसाच्या हातचे पाणीही पीत नाही.

लोअर परळला जुन्या मिलच्या आवारात आमचे ऑफिस आहे. साहेबांपुढे मी दोनदा जाऊन न बोलताच परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारले, आणि ऐकून घेऊन म्हणाले, “सोमवारी सकाळी घरून ड्रॉइंग उघडलं, तर आई चालायला लागेपर्यंत घरून करा. नाही उघडलं, तर ऑफिसात या. मला मधलं काही जमणार नाही.”

ड्रॉइंग घरून उघडायचे, तर लॅपटॉप आणि ऑफिसचा राउटर यांच्यामध्ये व्हीपीएन हवा. ते काम आमच्याकडे संगणक सांभाळणाऱ्या मुलीचे. मुलगी म्हणतो खरा, पण तिशीची असेल. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, बोलण्याचा वेग असा की माझे ऐकणे नेहमी एक वाक्य मागे राहते.

“सिंपल आहे, सर. ऑफिसचा राउटर इकडे, तुमचा लॅपटॉप तिकडे, मध्ये एक बंद बोगदा. आत काय जातंय ते बाहेरच्याला दिसत नाही. दोन्ही टोकांना एकच सीक्रेट टाकायचं. ते तिसऱ्याला कळलं की खेळ खलास. म्हणून मेसेजवर नाही, फोनवर सांगणार.”

मी घरी येऊन आईला हे यथामती समजावले. ती म्हणाली, “हय भिताडाक खिळो मारलो तर पलीकडची भांडी पडतत. आणि तू बोगदो खणतलस?”

शनिवारी दुपारी ती मुलगी ऑफिसात राउटरपाशी बसली आणि मी घरी कॉटच्या टोकाशी. टाइप करायला दोन्ही हात लागणार, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. इथे आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. एकाने माप वाचायचे, दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचे, मगच खूण करायची. लिफ्टच्या वाटेचे माप बोटभर चुकले तरी गाडी भिंतीला घासते. ही रीत माझ्या जिभेत इतकी मुरली आहे, की भाजीवालीने भाव सांगितला तरी मी तो परत म्हणतो आणि तिला वाटते मी घासाघीस करतो आहे.

“कॅपिटल के,” फोन म्हणाला.

“कॅपिटल के!” मी खणखणीत म्हणालो.

“स्मॉल टी. सात. स्टार.”

“स्मॉल टी! सात! स्टार!”

“सर, हळू.”

“हळू!” मी म्हणालो.

तेवढ्यात दारातून प्रश्न आला, “भाऊजी, स्टारच्या आधी सात की आठ?” शेजारच्या वहिनी आमच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या आजोबांनी तिथूनच निर्वाळा दिला, “सात, सात! मी ऐकलंय.”

फोनमधला कीबोर्डचा खडखडाट थांबला.

“सर, तुमच्या घरात किती माणसं आहेत?”

“दोघेच,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“मग हे कोण?”

“ते गॅलरीत आहेत.”

“बोगदा खणायच्या आधीच उद्घाटन झालं की! आता सीक्रेट बदलते. आणि प्लीज, दार लावा.”

दार लावा, हे म्हणणे सोपे. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लागते ते भांडण झाले तर, किंवा घरात काही बरेवाईट घडले तर. माझे भांडण कुणाशी होणे शक्य नाही, हे सर्वांना माहीत. कडी सरकवून मी कॉटपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच दारावर थापा पडू लागल्या. “भाऊजी! आईंना काय झालं? अहो, दार उघडा!” उघडले तो अर्धा मजला समोर उभा. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या, तर आजोबा डॉक्टरला बोलवायला जिन्याकडे निघालेले.

“मी जिती आसंय!” आई कॉटवरून ओरडली. “जावा घराक!”

उरली मोरी. पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवला, मी पाटावर बसलो, मोरीचा पडदा ओढला आणि फोन कानाला लावला. रीत मोडवेना, म्हणून ती कुजबुजत पाळली. “स्मॉल डी... हो... कळलं... नाही, नाही, कुणी ऐकत नाही... तुम्ही बोला...”

बाहेर वहिनी आईसाठी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना संभाषणाचा माझ्याकडचाच भाग ऐकू येत होता.

“आई, भाऊजी मोरीत कोणाशी कुजबुजतायत?”

“हापिसातला चेडू आसा,” आई म्हणाली. चेडू म्हणजे आमच्या मालवणीत मुलगी. “कालपासून फोन चललेत.” तिने हे इतक्या निरागसपणे सांगितले, की ते मुद्दाम होते याबद्दल मला आजही शंका नाही.

पडद्याबाहेर आलो तेव्हा माझे पाय भिजलेले, चेहरा घामेजलेला, आणि समोर वहिनी.

“वहिनी, ऑफिसचं काम होतं.”

“मोरीत?”

“हो.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. इतक्या छोट्या शब्दात इतका अविश्वास मावतो, हे मला ठाऊक नव्हते.

लॅपटॉपवर हिरवी खूण उमटली होती. बोगदा जोडला गेला होता. ड्रॉइंग मात्र उघडेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, तीच हिरवी खूण आणि तीच रिकामी खिडकी. मी मनातल्या मनात अनोळखी बाईंना घरात आणून पाहिले, आईने तोंड फिरवलेले पाहिले, आणि फोन पुन्हा लावला. त्या मुलीने मला घरच्या राउटरचा आतला पत्ता वाचायला लावला आणि ती हसू लागली.

“सर, दोन्हीकडे तोच पत्ता आहे. राउटरच्या कंपनीतून येतो तसाच. आमच्याकडे वरळीला शेजारशेजारच्या दोन इमारतींत सारख्याच नंबरच्या खोल्या आहेत, पार्सलवाला रोज चुकतो. तसंच झालंय. लॅपटॉपला वाटतंय, ड्रॉइंग तुमच्याच घरात आहे. तो बिचारा तुमच्या माळ्यावर शोधतोय. घरचा पत्ता बदला, होईल.”

बदलणे अवघड नव्हते. पण तो राउटर आमच्या माळ्यावर असला, तरी वापर सगळ्या मजल्याचा. वहिनींच्या मुलीचा क्लास त्यावर, आजोबांची भजने त्यावर आणि त्या दिवशी तर क्रिकेटचा सामनाही होता. न सांगता बंद करणे मला जमले नसते. ज्या माणसाने गणपतीच्या मीटिंगमध्येही कधी तोंड उघडले नाही, त्याने गॅलरीत उभे राहून घोषणा केली, “थोडा वेळ नेट बंद राहील. क्षमस्व.”

“का रे?” आजोबांनी विचारले. “शेवटच्या ओव्हर चालल्यात!”

मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर वहिनी म्हणाल्या, “भाऊजींचं जमत आलंय. बसा जरा गप्प.”

आणि सगळा मजला खरोखर गप्प बसला. शेवटच्या ओव्हर सोडून! इतका त्याग माझ्यासाठी पूर्वी कुणी केलेला मला आठवत नाही. तो कशासाठी केला गेला, याचा खुलासा करण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही. आता हे लेखन तेच काम करील, अशी आशा आहे.

राउटर पुन्हा सुरू झाला, बोगदा जोडला आणि प्रभादेवीच्या एका टॉवरच्या लिफ्टचा आराखडा माझ्या कॉटवर रेषारेषांनी उलगडला. आईने मान उंचावून पाहिले.

“घरात लिफ्ट इली एकदाची,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

“उघडलं?”

“उघडलं, साहेब.”

“दार बंद करून बसता ना? क्लायंटची ड्रॉइंग्ज आहेत ती.”

त्या क्षणी आई वॉकर धरून गॅलरीत चालत होती. एका बाजूला वहिनी, पुढे आजोबा, वाटेतल्या चपला पायाने सरकवत. मी मान वर केली की ती दिसत होती, आणि तिने मान वळवली की तिला मी. साहेबांना तोवर मी ‘हो’खेरीज दुसरे उत्तर दिलेले नव्हते.

“नाही, साहेब,” मी म्हणालो. “टेबल फिरवून घेतलंय. स्क्रीन भिंतीकडे आहे, कुणाला दिसत नाही. दार उघडंच ठेवावं लागेल.”



“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “फक्त मापं मोठ्यानं वाचू नका. तुमच्या वहिनी चुका काढतील.”

म्हणजे ती बातमी बोगद्यातून न जाताही ऑफिसात पोहोचली होती.

आई आता गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन येते. लाडू कधी, असे वहिनी अजून विचारतात, आणि आई त्यांना ‘बघुया’ म्हणून सांगते. मी काम करीत असतो. दारातून ऊन येते, मांजर येते, कुणाच्या तरी फोडणीचा वास येतो.

तुमच्या घराचे दार दुपारी उघडे असते का?