व्हर्लिनच्या मापाचं जाकीट

आमच्या ओहायोतल्या गावात व्हर्लिन स्टॉफरएवढा आडदांड माणूस दुसरा नाही, आणि त्याने जमवलेलं एकही जाकीट त्याच्या अंगात शिरत नसे. ही दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची कातडी जाकिटं. घालणारी पोरं विशीतली, काटकुळी. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात जन्म गेलेला हा रेडा त्यात मावणार कसा?

"अरे, तू जाकिटं जमवतोस की बाहुल्यांचे कपडे?" मी विचारायचो.

"जळ मेल्या," तो म्हणायचा.

जळायचोच. जाकिटं माझ्याकडेही आहेत, पण व्हर्लिनकडच्या, टॉलेसन नावाच्या वैमानिकाच्या जाकिटाची सर एकालाही नाही. घोड्याचं कातडं, छातीवर टॉलेसनच्या नावाची पट्टी आणि युद्धातली मूळ चेन. आमच्या छंदात सगळा जीव त्या चेनमध्ये. तिची कापडी कड जराशा ओढीने फाटते, आणि नवी चेन लावली की जाकिटाची शान गेली. व्हर्लिन ती सहज सरकावी म्हणून तिला मेणबत्ती चोळायचा आणि कपाट लावताना न चुकता म्हणायचा, "आभारी आहे, पोरा." कधी न पाहिलेल्या टॉलेसनला!

गेल्या वर्षी त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग औषधं. हिवाळाभर माणूस झिजत गेला. चर्चमधल्या बायका आळीपाळीने चिकन नूडल्स पोचवायच्या. हा दोन घास खाऊन ताटली बाजूला सारायचा. औषध लागू पडलं तर वजन चढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते काही चढत नव्हतं.

फेब्रुवारीत त्याने मला बोलावलं. बघतो तर टॉलेसनचं जाकीट अंगात आणि चेन गळ्यापर्यंत बंद.

"बसलं की नाही? आयुष्यभर वाट बघितली रे!" तो खरंच खुशीत होता. त्याची बायको लॉर्ना पाठ करून भांडी घासत राहिली.

"मी गेलो की हे तुला," व्हर्लिन म्हणाला.

"गप बस. तुझी चिंधीसुद्धा नको मला," मी ओरडलो. ज्या जाकिटावर इतकी वर्षं डोळा होता, ते मला त्या दिवशी बघवत नव्हतं.

पण औषधाने हळूहळू हात दिला. उन्हाळ्यात तो दुसऱ्यांदा नूडल्स मागू लागला. ऑक्टोबरात आम्हा छांदिष्टांचा बाजार विमानतळाच्या जुन्या शेडमध्ये भरला, तेव्हा हट्टाने जाकीट घालूनच आला. चेन ओढताना श्वास आत घ्यावा लागला, हे मी पाहिलं.

सॉसेज-पावाची ताटली घेऊन तो बाकावर बसला, आणि टर्रकन आवाज झाला. चेन कडेपासून उसवली होती.

कोणीतरी कळवळून म्हणालं, "अरे देवा, मूळ चेन होती ती!"

लॉर्ना धावत आली. फाटलेल्या कडेतून बाहेर आलेल्या त्याच्या पोटावर तिने दोन्ही हात ठेवले आणि रडत ओरडली, "पोट सुटलंय याला! बघा रे, माझ्या नवऱ्याचं पोट सुटलंय!"

चेनला ओरखडा पडला तरी जेवण न जाणारी आम्ही माणसं, उभं राहून टाळ्या वाजवत होतो.